सोलब्रिटची डुकरं

सोलब्रिट स्टेनवाल रोज सकाळी सव्वासातला प्रयोगशाळेत यायची, बूट काढून लाकडी तळाच्या चपला पायात सरकवायची आणि सगळ्यांत आधी बायांची विचारपूस करायची. बाया म्हणजे मेणाच्या वड्या. एकेक वडी काडेपेटीच्या निम्म्याएवढी आणि तिच्या पोटात कुणा एका बाईच्या शस्त्रक्रियेत काढलेला नखाएवढा तुकडा. कुणाचं अंडाशय, कुणाची गर्भनलिका, कुणाच्या गर्भाशयाचं अस्तर. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. पण नंबराशी बोलायला सोलब्रिटला कधी संकोच वाटला नाही.

"चला, तीनशे चौदा बाई," बर्फावर गार करत ठेवलेली वडी उचलून ती म्हणायची, "आता तुम्ही. हलू नका, म्हणजे मीही हलत नाही."

मग ती वडी मायक्रोटोमला लावायची. हे यंत्र म्हणजे काय, एक दांडा फिरवायचा आणि वडी धारदार पात्यावरून खाली-वर जायची. पण त्यातून केसाच्या विसाव्या भागाइतका पातळ काप निघायला हवा, मागोमाग दुसरा, तिसरा, अशी सलग रिबीन. ती कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलायची. शिंक आली की सगळं मुसळ केरात. चौतीस वर्षांत सोलब्रिट त्या खुर्चीवर एकदाही शिंकली नव्हती. शिंका ती कॉफीच्या सुट्टीसाठी राखून ठेवायची आणि मग एकदम सात-आठ देऊन टाकायची.

उत्तरेकडच्या आमच्या उमेओ शहरात बायकांच्या कॅन्सरवर त्या प्रयोगशाळेतून जेवढे शोधनिबंध बाहेर पडले, त्यांतलं प्रत्येक जांभळं-गुलाबी चित्र आधी सोलब्रिटच्या पात्याखालून गेलेलं होतं. चित्राखाली नावं मात्र इतरांची. प्रोफेसर तोरकेलने फार पूर्वीच नियम करून ठेवला होता की कापणाऱ्यांचे आभार मानायचे आणि लिहिणाऱ्यांची नावं छापायची. तोरकेल वाईट माणूस नव्हता. लोकरीच्या मोज्यांना भोकं पडेपर्यंत घालणारा, सगळ्यांना सगळं "भारीच रंजक आहे" म्हणणारा माणूस. नियम का केला, हे आता त्यालाही आठवत नव्हतं.

आणखी एक नियम होता तो केकचा. ज्याचा निबंध छापायला घेतला जाईल, त्याने शुक्रवारच्या कॉफीला केक आणायचा. आता शास्त्रज्ञांना केक कुठून येणार? ते हळूच सोलब्रिटच्या टेबलाशी येऊन घुटमळायचे. "सोलब्रिट, तो तुझा बदामाचा..." की ती श्वास आत ओढायची. आमच्या उत्तरेकडे हो म्हणायला कुणी तोंड वाजवत नाही. ओठांचा चंबू करून वारा आत घ्यायचा, "श्श्यूप", की झालं हो. दक्षिणेतून नवा आलेला माणूस हमखास विचारतो, पाणी देऊ का म्हणून. अशा कितीतरी केकांना सोलब्रिटने श्श्यूप म्हटलं होतं, पण स्वतःच्या नावाचा केक आणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

काप नीट आला की ती वहीत काहीच लिहायची नाही. नीट यायचाच, त्यात काय लिहायचं? फाटला, पातं कुरकुरलं की मात्र नंबराशेजारी एक डुक्कर काढायची. एक गोल, दोन कान, शेपटीचं वेटोळं. थोडा फाटला तर एक डुक्कर, बराच फाटला तर दोन. पार चिंध्या झाल्या तर तीन, आणि तिसऱ्याला दात. तिचे वडील खेड्यातल्या प्रार्थनाघरात प्रवचनं करायचे, त्यामुळे शिवी लिहायला हात धजायचा नाही. डुकराला मात्र धर्माची काही हरकत नव्हती.

ही डुकरं तीस वर्षं कुणाच्या नजरेस पडली नाहीत, आणि मग टूवा आली.

टूवा दक्षिणेतल्या मालमोची. म्हणजे तोंड बंद ठेवणं हा प्रकार तिला माहीतच नव्हता. गर्भनलिकेच्या टोकाला जी झालर असते तिथे कॅन्सरची सुरुवात कशी होते, यावर ती पीएचडी करत होती. दोन हिवाळ्यांपूर्वी तीनशे चौदाच्या पट्ट्या इतक्या फाटक्या का, हे बघायला तिने सोलब्रिटची वही ओढली आणि किंचाळली.

"सोलब्रिट! ही काय डुकरं आहेत?"

"कुठली डुकरं?"

"ही! ह्याला तर दात आहेत!"

सोलब्रिटचे कान बिटासारखे लाल झाले. "माझी खासगी आहेत ती. ठेव इकडे."

टूवा हसून हसून स्टुलावरून घसरली. डोळे पुसून पुन्हा वर चढली आणि पानं उलटत म्हणाली, "पण ही काहींनाच आहेत. काहींना एकही नाही. पात्याचा दोष असता तर सगळ्यांना यायला हवीत."

"पात्याला काय धाड भरलीय? हे बाईवर असतं. पातं साध्या पेशींतून लोण्यातून जावं तसं जातं. गाठीतूनही जातं. पण मध्ये गाठीभोवती एक काठ येतो, तिथे अडतं. काही बायांना तो काठ असतो, काहींना नसतो. साय वाळून पातेल्याला धरते ना, तसा."

"हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. एकोणीसशे शहाण्णवमध्ये. तोरकेल म्हणाला, भारीच रंजक आहे, पातं बदल."

त्यानंतर टूवा दोन दिवस गप्प होती. तिला ताप आलाय असंच सगळ्यांनी धरलं. ताप कसला, तिने डुकरं मोजली होती. सहाशे अकरा. मग कुठल्या नंबराच्या बाईला औषध लागू पडलं आणि कुणाला नाही, ही कुलूपबंद यादी रीतसर परवानगी घेऊन उघडली आणि शेजारी ठेवून पाहिली. जिथे तीन डुकरं, तिथे औषध गाठीपर्यंत पोचतच नव्हतं. पुढची दीड वर्षं तिने तो काठ रंगवला, मोजला, दाबून पाहिला. यंत्रांनीही शेवटी डुकरांचीच री ओढली.

"डुकरं?" तोरकेल म्हणाला. "शोधनिबंधात?"

"श्रेणी म्हणू आपण," टूवा म्हणाली. "शून्य ते तीन."

"भारीच रंजक आहे," तोरकेल म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरंच जरा कापला.

सोलब्रिट पुन्हा आपल्या दांड्याशी. फेब्रुवारीत एकदा टूवा एक कागद नाचवत आली तेव्हा सोलब्रिटच्या एका हातात चिमटा, दुसऱ्या हाताच्या ब्रशवर कापांची रिबीन लोंबकळलेली आणि चष्मा कपाळावर.

"यावर सही कर ना! पण आधी वाच."

"काय आहे?"

"जे लिहिलंय त्याच्याशी तू सहमत आहेस, असं. वाच की!"

"मी कापलंय ना ते सगळं?"

"तूच!"

"मग सहमत." सोलब्रिटने ब्रश दातांत धरला आणि न बघता सही ठोकली. त्या आठवड्यात तिने नायट्रोजनच्या टाकीसाठी, आगीच्या दारासाठी आणि खुर्चीची उंची बदलल्याबद्दल अशा तीन सह्या आधीच केल्या होत्या. टूवाने तिच्या खांद्याला मिठी मारली. खुर्चीच्या उंचीसाठी एवढं प्रेम कुणी दाखवलं नव्हतं, पण मालमोची माणसं तशीच, असं म्हणून सोलब्रिटने तो विषय डोक्यातून काढून टाकला.

सोलब्रिटचं एक गुपित तिच्या नवऱ्याखेरीज, सिक्स्टेनखेरीज, कुणाला ठाऊक नव्हतं. घरी झोपायच्या खोलीत तिने एक फळी लावून घेतली होती. तिच्यावर सत्तावीस प्रबंध ओळीने उभे होते. सत्तावीस पोरापोरींची पीएचडी. प्रत्येकात ऋणनिर्देशाच्या पानावर लाल लोकरीचा एक धागा, कारण त्या पानावर तिचं नाव होतं. "सोलब्रिटचे, तिच्या हातांसाठी." "सोलब्रिट नसती तर काहीच नसतं." एकाने तर स्पेलिंग चुकवलं होतं, पण त्यालाही धागा मिळाला होता. येत्या जूनच्या अखेरीस ती निवृत्त होणार होती. टूवाचा प्रबंध अठ्ठाविसावा आणि शेवटचा. त्याची जागा रिकामी ठेवून तिने शेजारी लोकरीचा धागाही कापून ठेवला होता. त्या एका नावासाठी ती जीव टाकत होती. तसं तिला कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला खिडकीतून बाहेर फेकलं असतं.

एप्रिलच्या शेवटी प्रबंध छापून आला. आमच्याकडे जाहीर तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध जगासमोर ठेवायचा असतो, आणि ठेवायचा म्हणजे खरोखरीच्या हातोडीने, खरोखरीच्या खिळ्याने फळीवर ठोकायचा. पाच वर्षांची मेहनत अशी भिंतीला लटकते आणि मग शँपेन. टूवाला शंभर तऱ्हेच्या पेशी ओळखता येत होत्या, पण खिळा ठोकता येत नव्हता. पहिला घाव फळीवर, दुसरा हवेत.

"आण इकडे," म्हणून सोलब्रिटने पुस्तक धरलं. "बोटांवर मारू नकोस, मला ती अजून दोन महिने लागणार आहेत."

तिसऱ्या घावाला खिळा गेला. टाळ्या पडल्या, बूच उडालं आणि सगळे टेबलावरच्या प्रतींवर तुटून पडले. आता खरं सांगायचं तर प्रबंध कुणी वाचत नाही. प्रत्येकजण घाईघाईने ऋणनिर्देश उघडतो, स्वतःचं नाव शोधतो, मिळालं की चेहरा सैलावतो आणि पुस्तक कायमचं मिटतो.

"मी आहे! पहिलीच ओळ!" तोरकेल ओरडला.

सोलब्रिटने या वेळी चष्मा नीट डोळ्यांवर घेतला. टूवाने आईचे आभार मानले होते, बाबांचे मानले होते, गायनमंडळाचे मानले होते. आठ नंबरच्या बसच्या ड्रायव्हरचे, जो तिच्यासाठी थांबायचा. मुम्मे नावाच्या कुत्र्याचे. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉफीच्या यंत्राचे, "तू मला कधीच दगा दिला नाहीस." शेवटी एक कोरडी ओळ, "आणि माझ्या सर्व सहलेखकांचे." संपलं.

सोलब्रिटने पुन्हा वाचलं. पान उलटून मागे पाहिलं. दोन पानं चिकटली असतील म्हणून नखाने सोडवून पाहिलं. मग पुस्तक मिटून म्हणाली, "छान कागद आहे. जाड."

"आवडलं?" टूवा उड्या मारत म्हणाली. "खूश आहेस ना?"

सोलब्रिटने वारा आत ओढला, पण अर्ध्यातच अडकला.

घरी येऊन तिने बार्लीची पोळी भाजायला घेतली. आमच्याकडे ती पातळ, मोठी पोळी ख्रिसमसआधी भाजतात. मे महिना तोंडावर आलेला असताना कुणी भाजत नाही. चाळिसावी पोळी झाल्यावर सिक्स्टेनने हळूच विचारलं, "कुणी गेलं का?"

"कॉफीचं यंत्र!" सोलब्रिट लाटणं आपटत म्हणाली. "कॉफीच्या यंत्राचे आभार! त्याने काय कापलं? गेल्या वर्षी दोनदा बंद पडलं होतं ते!"

"विसरली असेल गं पोरगी."

"कुत्र्याला नाही विसरली!"

सिक्स्टेनने पुस्तक उचललं, थोडं चाळलं. "यात काहीतरी चित्रं..."

"ठेव ते खाली."

त्याने ठेवलं. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस, ठेव म्हटलं की ठेवतो. सोलब्रिटने ते फळीवर लावलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत जिरेनियमची कुंडी एका बाजूला कलत होती, तिच्या खाली घातलं. कुंडी सरळ झाली. लोकरीचा धागा तिने पुन्हा गुंड्यावर गुंडाळला आणि मग बाथरूमचं दार लावून चांगली रडून घेतली, शिंकांसारखं, एकदमच.

पुढचे तीन आठवडे प्रयोगशाळेत थंडी परत आल्यासारखी झाली. सोलब्रिट कापत होती, "नमस्कार" म्हणत होती, पण बायांशीही मोजकंच बोलत होती. टूवा कावरीबावरी झाली.

"सोलब्रिट, डुकरांमुळे रागावलीस का?" तिने एकदा कॉफीशी गाठून विचारलं. "ती आत छापली म्हणून? तोरकेल नकोच म्हणत होता, मीच हट्ट धरला."

"डुकरं आता तुझी आहेत," सोलब्रिट म्हणाली. "विकून खा."

टूवाला काही कळेना. सोलब्रिटला वाटलं, पोरीला सगळं कळतंय आणि ती वेड पांघरतेय.

परीक्षेच्या दिवशी पार्टीसाठी साठ माणसांचा सँडविच-केक करायचं सोलब्रिटने हिवाळ्यातच कबूल केलं होतं. शब्द दिला म्हणजे दिला. आदल्या दिवशी तिने पावाचे थर रचले, मेयोनेझ लिंपलं, वर कोळंबी, सामन माशाच्या गुलाबी घड्या, काकडी, लिंबू आणि शेपू. रागात केल्यामुळे तो भलताच देखणा झाला. सकाळचा बेत असा की खोका सभागृहाशेजारच्या मुदपाकखान्यात ठेवायचा आणि मागच्या दाराने सटकायचं. पण मुदपाकखान्याला कुलूप. बारापर्यंत उघडणार नाही, आणि कोळंबी उन्हात ठेवता येत नाही. मग काय करते? सिक्स्टेनसह आणि गार खोक्यासह ती सभागृहात शेवटच्या रांगेत, अंगातला कोट न काढता, बसली.

समोर टूवा, नव्या जाकिटात, पांढरीफटक. आणि तिच्यासमोर नॉर्वेहून, बर्गनहून आलेल्या परीक्षक ऑडनी मिरलँड. बारीक, करड्या केसांच्या बाई. त्यांच्या प्रतीला दोन्ही बाजूंनी पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर लागली होती. पूर्ण सभागृहात प्रबंध खरोखर वाचलेलं माणूस हे एवढंच.

दीड तास इंग्रजीत प्रश्न झाले. प्रबंध म्हणजे एकत्र बांधलेले चार निबंध; त्यांतले पहिले तीन टूवाने झकास सांभाळले. मग ऑडनीबाईंनी चौथा उघडला आणि चष्मा काढून ठेवला.

"हा मला सगळ्यांत आवडला," त्या म्हणाल्या. "आणि यावरच माझा सगळ्यांत कमी विश्वास आहे."

टूवाने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सगळा डोलारा एका माणसाच्या नजरेवर उभा आहे. काप किती फाटला, हे एकाच व्यक्तीने ठरवलंय. कुणाचा आजार बळावला हे तिला माहीत असेल, तर नकळत त्यांनाच जास्त गुण दिले जाणार. मग ही सगळी श्रेणी कचऱ्यात. तिला माहीत होतं की नाही?"

"नव्हतं," टूवा म्हणाली. "यादी कुलपात होती."

"हे तू सांगतेस. तू त्या वेळी शाळेत होतीस." ऑडनीबाईंनी पान उलटलं. "मला लेखिकेकडूनच ऐकायला आवडेल. हे दुसरं नाव, एस. स्टेनवाल. त्या इथे आहेत का?"

सभागृहात पानांची सळसळ झाली. चाळीस माणसांनी चाळीस प्रती पहिल्यांदाच मधून उघडल्या. सिक्स्टेनने कोपर मारलं. "तुझं नाव घेतलं गं."

"गप्प बस. स्टेनवाल काय एक आहेत?"

"डुकरं काढणारी किती आहेत?"

टूवाने शेवटच्या रांगेकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना वळल्या. सोलब्रिट उठली आणि उठताना खोका मांडीवरून घसरला, तो सिक्स्टेनने झेलला. ऑडनीबाईंनी इंग्रजी सोडून नॉर्वेजियन सुरू केलं. ते आम्हाला सगळ्यांना कळतं, पण त्यांना वाटतं तेवढं नाही.

"एक डुक्कर केव्हा आणि तीन केव्हा, हे तुम्ही कसं ठरवता?"

एरवी सोलब्रिट तशीच खाली बसली असती. पण प्रश्न कामाचा होता, आणि कामाबद्दल तिला कुणी विचारलं की ती उत्तर द्यायचीच.

"पातं कुरकुरलं तर एक," ती म्हणाली. "मी कुरकुरले तर दोन. आणि तीन म्हणजे पुन्हा बर्फावर ठेवायची, पुन्हा कापायची, पुन्हा तिथेच फाटते. त्याच काठाला. तीन वेळा करून पाहिल्याशिवाय तिसरं डुक्कर मी देत नाही. कुणावर उगाच आळ नको."

हशा पिकला. ऑडनीबाई हसल्या नाहीत. त्या लिहून घेत होत्या.

"आणि त्यांचं पुढे काय झालं, हे तुम्हाला माहीत होतं?"

सोलब्रिटने नकारार्थी मान हलवली.

"चौतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मीही विचारलं नाही. घरी कोण गेली आणि कोण नाही, हे कळलं असतं तर हात हलला असता. हात हलला तर काप जातो. आणि बाईचा एवढासाच तर तुकडा असतो, तो वाया घालवून कसं चालेल?"

 तोरकेल खाली वाकून आपल्या मोज्याकडे बघत होता. ऑडनीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पिवळी चिठ्ठी उपटून चुरगळली आणि टूवाला इंग्रजीत म्हणाल्या, "माझं समाधान झालं. असा पुरावा मला दर निबंधात मिळाला तर मी लवकर म्हातारी होणार नाही."

निकालाला वीस मिनिटं लागली. टूवा पास झाली, आणि तोरकेलला मिठी मारायच्या आधी खुर्च्यांवरून उड्या मारत शेवटच्या रांगेत आली.

"तू मला दुसरी लेखिका केलंस?" सोलब्रिट म्हणाली. "मला न सांगता?"

"न सांगता? तू सही केलीस! मी म्हटलं वाच, दोनदा म्हटलं!"

"मला वाटलं खुर्चीचं आहे!"

"कसली खुर्ची?"

"चष्मा कपाळावर होता माझा! आणि आभारांत मी नाही, कुत्रा आहे!"

"लेखकाचे आभार कोण मानतं, सोलब्रिट? तुझे आभार मानायचे म्हणजे माझे मीच मानल्यासारखं झालं असतं. सर्व सहलेखकांचे असं लिहिलंय की!" बोलता बोलता टूवाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने कपाळावर हात मारला. "अगं देवा. म्हणून तीन आठवडे? तू मला तीन आठवडे नुसतं नमस्कार म्हणत होतीस!"

"म्हणत होते," सोलब्रिट म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, ते थांबेचना. टूवाही हसायला लागली. दोघी एकमेकींना धरून अशा खिदळल्या की लोकांना वाटलं शँपेन आधीच उघडली. सोलब्रिट हसता हसता रडली आणि मग चौतीस वर्षांचा नियम मोडून सभागृहात मधोमध सलग नऊ वेळा शिंकली.

केकच्या रांगेत तोरकेल ताटली घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. "शहाण्णवमध्ये मी पातं बदल म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतास."

"मी गाढव आहे."

"गाढव नाही," सोलब्रिटने त्याला केकचा कोळंबीवाला मोठा तुकडा वाढला. "एक डुक्कर फार तर."

घरी आल्यावर तिने कुंडी बाजूला केली. मुखपृष्ठावर मातीचं गोल कडं उठलं होतं, ते काही निघालं नाही. तिने पुस्तक तसंच फळीवर अठ्ठाविसाव्या जागी ठेवलं. धागा कुठे घालायचा, यावर सिक्स्टेनशी थोडा वाद झाला. शेवटी ऋणनिर्देश सोडून चौथ्या निबंधाच्या पहिल्या पानावर घातला. कुंडी पुन्हा कलली, ती कललीच राहिली.

तो चौथा निबंध सप्टेंबरमध्ये शोधपत्रिकेत छापून आला. सोलब्रिट निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, बेरी तोडून बोटं जांभळी झाली होती. पण केकचा नियम निवृत्तांनाही लागू आहे, असं टूवाने फोनवर बजावलं. शुक्रवारी नऊच्या कॉफीला सोलब्रिट आली ती हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे वर बदामाच्या गोड लगद्याचा थर असलेला, दुकानातला, विकतचा केक घेऊन.

"विकतचा?" तोरकेल दचकला. "तू?"

"लेखकांना केक भाजता येत नाही," सोलब्रिट म्हणाली. "तीस वर्षं बघतेय मी."

केक संपल्यावर ती वड्यांच्या कपाटापाशी गेली. टूवा मागोमाग. सोलब्रिटने खण ओढला आणि तीनशे चौदा बोटांनी चाचपली.

"छापून आलं गं बाई आपलं," ती वडीला म्हणाली. मग टूवाकडे न बघता हात पुढे करून धरला. चौतीस वर्षं स्थिर असलेला तो हात पानासारखा थरथरत होता. "आता हलला तरी चालतो. सांग. हिचं काय झालं?"

टूवाला यादी पाठ होती. "तीन डुकरं होती, त्यामुळे पहिलं औषध पोचलं नाही. दुसरंही नाही," ती म्हणाली. "तिसरं पोचलं. ती आहे, सोलब्रिट. गेल्या वसंतात तपासणीला येऊन गेलीय."

सोलब्रिटने ओठांचा चंबू केला आणि वारा आत ओढला, एवढ्या जोरात की शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, पाणी देऊ का.